मनगटाचा एमआरआय काढण्याआधी

अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला एक खळगा पडतो. हातावर पडल्यानंतर तिथे बोट दाबून कळ आली, तर एक्स-रे कितीही स्वच्छ असो, हाड शाबूत आहे असं धरून चालू नका. त्या खळग्याखाली काजूएवढं स्कॅफॉइड असतं आणि त्याची चीर पहिल्या फिल्मवर पुष्कळदा दिसतच नाही. म्हणून मनगट प्लास्टरमध्ये ठेवून दहा-चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात, नाहीतर लगेच एमआरआय. मी पावसात बोरिवली स्टेशनच्या पुलावर घसरलो, तेव्हा "मुरगळलंय, क्रेप बँडेज बांधा" एवढ्यावर भागलं. सूज उतरली आणि विषय संपला.

या हाडाला रक्त उलटं मिळतं. बहुतेक रक्त बोटांकडच्या बाजूने शिरतं आणि मागे जातं. मधेच मोडलं की मागचा तुकडा उपाशी राहतो, हाड जुळत नाही, मनगटाची ठेवण बिघडते आणि साधारण पाच-दहा वर्षांत सांध्यातली कूर्चा झिजू लागते. मला ते कळलं जमिनीवर हात टेकून उठताना. पुढे लोकलमध्ये कडी धरणंही जड जाऊ लागलं.

हाताच्या सर्जननी नव्या एक्स-रेवर जुनी मोड दाखवली आणि म्हणाले, "मला एकच गोष्ट हवीय. मधल्या कॅपिटेट हाडाच्या डोक्यावर कूर्चा उरलीय का?" उरली असेल तर मनगटाच्या हाडांची पहिली रांग काढून टाकणंही जमतं, नसेल तर स्कॅफॉइड काढून बाकीच्यांपैकी चार हाडं एकमेकांना जोडावी लागतात. झीज आधी अंगठ्याकडच्या टोकाला सुरू होते आणि तिथून आत सरकते, म्हणून ती कुठवर पोचली यावर सगळं ठरतं.

स्टेशनजवळच्या एका सेंटरमध्ये एमआरआय झाला. रिपोर्ट आला, कूर्चा ठीक. पेढे आणायचेच बाकी होते. सर्जननी तो कागद बाजूला सारला आणि सीडी लावली. मनगटातली कूर्चा जेमतेम मिलिमीटरभर आणि माझे काप तीन-तीन मिलिमीटरचे! शिवाय हात अंगालगत, मशीनच्या कडेला ठेवलेला, जिथे चित्र सर्वांत कच्चं येतं. मनगटासाठी वेगळी कॉइल लागते, शक्यतो तीन टेस्लाचं मशीन, आणि पालथं झोपून हात डोक्यापुढे ताणायचा. या आसनाला एमआरआयवाली मंडळी 'सुपरमॅन' म्हणतात. खांदा मात्र भरून येतो. तेव्हा अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर विचारा, मनगटाची कॉइल आहे का? समोरचा गोंधळला तर दुसरं सेंटर बघा. चिठ्ठीवर नुसतं 'एमआरआय रिस्ट' नको, सर्जनचा प्रश्नही लिहून घ्या.

अर्थात एमआरआय वाया गेला नाही. मागच्या तुकड्यात कितपत जीव आहे, याचा अंदाज त्यावरून येतो. कूर्चेसाठी मात्र मला सीटी आर्थ्रोग्राम सांगितला. सांध्यात सुईने आयोडीनचं औषध सोडतात (अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा), मनगट ताठ होऊन ठणकतं, आणि लगेच सीटी. पडद्यावर औषध पांढरं, हाड पांढरं, मधे कूर्चेची काळपट रेघ. अंगठ्याकडच्या टोकाला रेघच नव्हती, औषध थेट हाडाला भिडलेलं. कॅपिटेटच्या डोक्यावर ती सलग होती.

तरीही अखेरचा शब्द दुर्बिणीचा, कारण मऊ पडलेली कूर्चा स्कॅनमध्ये धडधाकट दिसू शकते. म्हणून ऑपरेशनच्या वेळी आधी दुर्बीण घालून बघणार आहेत. आत वेगळंच निघालं तर बेत तिथल्या तिथे बदलेल. म्हणून संमतीपत्रावर दोन्ही ऑपरेशनांची नावं लिहून घेतली आहेत आणि खर्चाचा अंदाज जास्तीचा धरून विमा कंपनीला आधीच कळवलं आहे.