बिनतारी छपाई : हाती पडणारी पावती आणि तिचा खर्च

नागरिकाने शासनाला किंवा स्थानिक संस्थेला पैसे दिले की त्याच्या हाती पावती पडली पाहिजे, हा आपल्या कारभारातील जुना आणि निरपवाद नियम आहे. पावती हा केवळ कागदाचा कपटा नव्हे. भरणा करणाऱ्याचा तो पुरावा आहे, वसुली करणाऱ्याचे ते संरक्षण आहे आणि लेखापरीक्षकाचा तो आधार आहे. कार्बन घातलेल्या पावती पुस्तकाने ही तिन्ही कामे अनेक दशके केली. आता वसुली लिपिकाच्या हाती मोबाईल आला आहे, आणि कमरेच्या पट्ट्याला अडकवता येईल एवढा लहान छपाई यंत्रही त्याच्या जोडीला मिळू लागला आहे. तार न जोडता मोबाईलवरून पावती छापणारी ही सोय आकर्षक आहे, ह्यात शंका नाही. परंतु सार्वजनिक पैशातून ती विकत घेण्यापूर्वी एक प्रश्न विचारणे क्रमप्राप्त ठरते : ह्या सोयीचा खर्च तिच्या उपयोगाने भरून निघतो काय ?

निजामपुऱ्याचे उदाहरण

ह्या प्रश्नाचा विचार करण्यास ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे योग्य ठिकाण आहे. निजामपुरा हा ह्या शहराचा जुना भाग असून त्याचे नाव 'भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिका' ह्या संस्थेच्या नावातही सामावले आहे. यंत्रमागांचे हे शहर. दाट वस्ती, अरुंद गल्ल्या, खाली यंत्रमाग आणि वर किंवा शेजारी राहती घरे, अशी येथील अनेक मोहल्ल्यांची रचना. मराठी आणि हिंदीबरोबर उर्दू व तेलुगू बोलणारी कुटुंबेही येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. मागावर काम करणारा कामगार दिवसपाळीला किंवा रातपाळीला बांधलेला असतो. कार्यालयाच्या वेळेत खिडकीपाशी रांगेत उभे राहायचे तर त्याचा रोज बुडतो. अशा वस्तीत वसुली कर्मचारी दारी जाऊन लहानलहान रकमा स्वीकारू शकला आणि जागेवरच पावती देऊ शकला, तर दोन्ही पक्षांची सोय होते.

ह्याच तालुक्यात काल्हेर, राहनाळ, पूर्णा, मानकोली ह्या गावांच्या परिसरात मोठमोठी गोदामे उभी राहिली आहेत. गोदामाचा कर ही मोठी रक्कम असते. परंतु ती भरणारे मोजके असतात आणि भरणा बहुधा बँकेमार्फत करणे त्यांना सोयीचे असते. एकाच तालुक्यातील ही दोन चित्रे डोळ्यांपुढे ठेवली म्हणजे छपाई यंत्राचा प्रश्न रकमेच्या मोठेपणावर नव्हे, तर पावत्यांच्या संख्येवर अवलंबून आहे, हे ध्यानात येते.

यंत्र चालते कसे ?

हातात मावणारा छपाई यंत्र शाई किंवा रिबन वापरत नाही. त्यात उष्णतेने काळा होणारा रासायनिक लेप दिलेला कागद वापरतात. साधारणतः ५८ मिलिमीटर रुंदीच्या कागदावर ४८ मिलिमीटर एवढ्या पट्ट्यात छपाई होते. यंत्राच्या माथ्यावर प्रत्येक मिलिमीटरला ८ याप्रमाणे एका ओळीत ३८४ सूक्ष्म तापबिंदू असतात. जो बिंदू तापेल त्याच्याखाली कागद काळा होतो आणि ह्या ठिपक्यांतून अक्षर उमटते.

मोबाईल आणि यंत्र ह्यांच्यातील संदेश 'ब्लूटूथ' ह्या लघुपल्ल्याच्या रेडिओ लहरींवरून जातो. एरिक्सन ह्या स्वीडिश कंपनीत १९९४ साली ह्या तंत्राचे काम सुरू झाले आणि दहाव्या शतकातील एका डॅनिश राजाच्या उपनावावरून त्याला हे नाव मिळाले. लहान यंत्रांच्या बाबतीत त्याचा पल्ला सुमारे १० मीटर असतो. गल्लीत उभे राहून पावती छापण्यास इंटरनेटची गरज लागत नाही. नोंद कार्यालयाच्या संगणकावर पोचविण्यास मात्र ती लागते. हा भेद खरेदीपूर्वीच समजून घेणे आवश्यक आहे.

राज्यातील अनुभव

हातयंत्राने पावती देण्याची पद्धत महाराष्ट्राला नवीन नाही. राज्य परिवहनाची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. पुढे अनेक वर्षे वाहकाच्या हातातील तिकिटांची पत्र्याची पेटी आणि चिमट्याचा आवाज प्रवाशांच्या परिचयाचा होता. चालू शतकात त्या पेटीची जागा तिकीट छापणाऱ्या हातयंत्राने घेतली. तिकीट छापले जात असतानाच त्याची नोंदही होत असल्याने, फेरीअखेर हिशेब जुळविण्याचे वाहकाचे कष्ट कमी झाले. वाहतूक पोलिसांच्या ई-चलान पद्धतीत आणि रास्त भाव दुकानांतील विक्री यंत्रांतही हेच तत्त्व आहे. शिधापत्रिकाधारकाला मिळणाऱ्या छापील चिठ्ठीवर दिलेल्या धान्याचे परिमाण असते. हाती आलेले धान्य आणि चिठ्ठीवरील आकडा ताडून पाहण्याचे साधन त्यामुळे त्याला मिळते.

ह्या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. व्यवहार रोज मोठ्या संख्येने होतात आणि तिकीट किंवा चिठ्ठी जागेवरच देणे आवश्यक असते. जेथे हे दोन्ही नाही तेथे ह्या उदाहरणांचा दाखला देऊन खरेदी करणे युक्त नाही.

खर्चाचा ताळा

आता प्रत्यक्ष हिशेब मांडून पाहू. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. आपल्या कार्यालयाने त्यांच्या जागी स्थानिक दरपत्रकातील आकडे घालावेत. मोबाईलची किंमत येथे धरलेली नाही, कारण नोंदीसाठी तो दोन्ही परिस्थितींत लागणारच आहे.

समजा, छपाई यंत्राची किंमत ४,००० रुपये, त्याचे आयुष्य ३ वर्षे, त्या काळात बॅटरी बदलण्याचा खर्च ६०० रुपये आणि दुरुस्ती २,००० रुपये आहे. एकूण स्थिर खर्च ६,६०० रुपये झाला. १५ मीटर लांबीच्या कागदाच्या गुंडाळीची किंमत २० रुपये धरली आणि एक पावती १५ सेंटिमीटर लांब असली, तर एका गुंडाळीत १०० पावत्या निघतात. म्हणजे कागदाचा खर्च दर पावतीस २० पैसे.

वर्षात कामाचे दिवस २५० धरले आणि रोज ४० पावत्या फाडल्या गेल्या, तर तीन वर्षांत ३०,००० पावत्या होतात. स्थिर खर्च दर पावतीस २२ पैसे व कागद २० पैसे, असे ४२ पैसे पडतात. परंतु रोज पाचच पावत्या निघत असतील तर तीन वर्षांत ३,७५० पावत्या होतील आणि तोच खर्च दर पावतीस सुमारे १ रुपया ९६ पैसे होईल.

छापील पावती पुस्तकाचा खर्च दर पावतीस ६० पैसे धरला, तर कागदामागे ४० पैसे वाचतात. ह्या बचतीतून ६,६०० रुपये भरून निघण्यास १६,५०० पावत्या, म्हणजे वर्षाला ५,५०० किंवा रोज २२ पावत्या लागतील. आपल्या गृहीत आकड्यांप्रमाणे ही सीमारेषा झाली. तिच्यावर यंत्र परवडतो, तिच्याखाली परवडत नाही.

ह्या संदर्भात एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. हाताने लिहिलेली पावती सायंकाळी संगणकात पुन्हा नोंदवावी लागते. एका पावतीस दोन मिनिटे धरली तर ४० पावत्यांना ८० मिनिटे, म्हणजे वर्षाला ३३३ तासांहून अधिक वेळ जातो. हा वेळ वाचतो हे खरे. पण तो छपाईमुळे नव्हे, तर जागेवरच मोबाईलमध्ये नोंद झाल्यामुळे वाचतो. पावतीचा संदेश नागरिकाच्या मोबाईलवर पाठविला तरीही तो वाचणारच. म्हणून खरेदीच्या प्रस्तावात ही बचत छपाई यंत्राच्या नावे जमा धरणे हिशेबाच्या दृष्टीने चूक आहे.

कागद कोणासाठी ?

मग संदेश असताना कागद कशाला, असा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर निजामपुऱ्यासारख्या वस्तीतच सापडते. ज्या घरात एकच मोबाईल आहे आणि तो कामावर गेलेल्या माणसाच्या खिशात आहे, तेथे दारात पैसे देणाऱ्या स्त्रीच्या हाती संदेश पडत नाही. ज्याचा क्रमांक बदलतो त्याचा पुरावाही क्रमांकाबरोबर जातो. अशा नागरिकांना कागद नाकारणे म्हणजे पुरावा नाकारणे होय.

परंतु हा कागद वाचता आला पाहिजे. स्वस्त यंत्रांत बहुधा रोमन अक्षरेच साठविलेली असतात. देवनागरी किंवा उर्दू मजकूर छापण्यासाठी मोबाईलमधील कार्यप्रणालीने तो चित्रासारखा ठिपक्यांत रूपांतरित करून पाठवावा लागतो. हे काम शक्य आहे. फक्त छपाई थोडी संथ होते. यास्तव निविदेत केवळ 'मराठी छपाई आवश्यक' एवढे लिहून न थांबता जोडाक्षरे, वेलांट्या आणि लांब नावे असलेली पावती प्रत्यक्ष छापून घेऊनच यंत्र स्वीकारावा.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. उष्णतेने उमटलेले अक्षर उष्णतेनेच नष्ट होते. ऊन, तेल आणि प्लॅस्टिकची पिशवी ह्यांच्या संपर्कात अशी पावती काही महिन्यांत फिकी पडू शकते. जपण्यासाठी तिच्यावर गरम लॅमिनेशन केले तर ती सबंध काळी पडते. करपावती वर्षानुवर्षे जपून ठेवणाऱ्या कुटुंबाच्या हाती अखेर कोरा कागद राहणे ही लहान गोष्ट नव्हे. म्हणून प्रत्येक चिठ्ठीवर पावती क्रमांक ठळक असावा, तो नागरिकाने वहीत उतरवून ठेवावा असे त्याला सांगावे, आणि मागणी करताच कार्यालयाने त्या क्रमांकावरून साध्या कागदावर प्रत द्यावी. ग्रामपंचायतीत नमुना १० च्या पावतीची नोंद नमुना ९ च्या मागणी नोंदवहीशी रोजच्या रोज जुळविली जाते. यंत्र आल्याने ही शिस्त सैल होता कामा नये.

ह्या कागदाच्या लेपात 'बिस्फेनॉल ए' नावाचे रसायन असू शकते. युरोपीय संघाने २ जानेवारी २०२० पासून अशा कागदातील त्याचे प्रमाण वजनाच्या ०.०२ टक्क्यांपर्यंत मर्यादित केले. दिवसभर पावत्या हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यासाठी हे रसायन नसलेला कागद मागविणे शहाणपणाचे ठरेल.

कार्यालय आणि शाळा

कार्यालयातील टेबलावरच्या मोठ्या छपाई यंत्राला मोबाईलवरून बिनतारी आज्ञा देण्याची सोय वेगळी आहे. २०१० पासून ॲपलच्या आणि पुढे अँड्रॉइडच्या उपकरणांतही ती आली. नवा यंत्र घ्यायचाच असेल तर ही सोय असलेला घ्यावा. परंतु चालू स्थितीतील यंत्र केवळ तिच्यासाठी मोडीत काढण्याचे कारण नाही. शिक्षकाने मोबाईलवरील पत्रक शाळेच्या संगणकावर पाठवून छापले तरी काम तेच होते. दूरस्थ सेवेवर सर्वस्वी विसंबण्यातही धोका आहे. गूगलने २०१० मध्ये सुरू केलेली 'क्लाउड प्रिंट' सेवा ३१ डिसेंबर २०२० नंतर बंद केली आणि तिच्यावर विसंबलेल्या कार्यालयांना दुसरी व्यवस्था शोधावी लागली.

शिवाय माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४ अन्वये, जेथे कायद्याला लेखी मजकूर अपेक्षित आहे तेथे इलेक्ट्रॉनिक अभिलेखालाही मान्यता आहे. तेव्हा प्रत्येक आदेश छापलाच पाहिजे, ही सवयही तपासून पाहावी.

निर्णय कसा घ्यावा ?

सारांश, खरेदीपूर्वी संस्थेने चार गोष्टी तपासाव्यात. मागील वर्षी दारोदार किती पावत्या दिल्या, ते पावती पुस्तकांच्या स्थळप्रतींवरून मोजावे. त्यांपैकी किती नागरिकांना संदेश पुरेसा आहे, ते विचारून पाहावे. एकच यंत्र महिनाभर गल्लीत वापरून पाहावा. यंत्रमागाच्या वस्तीत कापसाचा तूस माथ्यावर बसतो काय आणि पावसाळी हवेत कागद अडकतो काय, हे तेथेच कळेल. यंत्र बंद पडल्यास वसुली थांबू नये म्हणून एक पावती पुस्तक कर्मचाऱ्याजवळ राहू द्यावे.

निजामपुऱ्याच्या गल्लीत, जेथे रोज पुष्कळ लहान भरणे दारात होऊ शकतात, तेथे हा खर्च योग्य ठरण्यास आधार आहे. गोदामांच्या गावी मोजक्या पावत्यांसाठी तो अनाठायी ठरेल. दोन्ही ठिकाणी कसोटी मात्र एकच : पैसे देणाऱ्याच्या हाती, त्याला वाचता येणारा आणि मागेल तेव्हा पुन्हा मिळणारा पुरावा पडला पाहिजे.