हरित इमारतींचा कायदा व बांधकामाची बदलती रीत

घर एकदाच बांधले जाते. परंतु त्या घराच्या विजेचा खर्च पुढे कित्येक वर्षे चालू राहतो. भिंत कोणत्या दिशेस उघडी आहे, छपरावर कशाचा थर आहे, खिडकीवर छज्जा आहे की नाही, या गोष्टी पायाभरणीपूर्वीच ठरतात व मागाहून सहसा बदलता येत नाहीत. म्हणूनच कायद्याने इमारतीच्या नकाशापासूनच लक्ष घालण्याचे धोरण स्वीकारले आहे.

कायद्याची वाटचाल

भारतात या वाटचालीचा पाया ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ ने घातला. त्यास अनुसरून २००७ च्या मे महिन्यात व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन इमारत संहिता जाहीर झाली. स्थानिक हवामानास अनुरूप फेरफार करून राज्यांनी ती लागू करावी, अशी ही योजना होती. प्रारंभी ५०० किलोवॅट जोडभाराच्या इमारती कायद्याच्या कक्षेत होत्या. २०१० च्या दुरुस्तीने ही मर्यादा १०० किलोवॅटवर आणली. २०१८ साली निवासी इमारतींसाठी इको निवास संहितेचा पहिला भाग निघाला. १ जानेवारी २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने मोठ्या निवासी इमारतीही कायद्याच्या कक्षेत आणल्या.

दुसरा प्रवाह औष्णिक वीज केंद्रांच्या राखेचा. शेतीची वरची सुपीक माती वीटभट्टीत जाऊ नये व राखेचे ढीग साचू नयेत, या हेतूने सप्टेंबर १९९९ मध्ये केंद्र शासनाने अधिसूचना काढली. त्या वेळी केंद्रापासून ५० किलोमीटरपर्यंतचा प्रदेश विचारात घेतला होता. २०२१ अखेरच्या अधिसूचनेत हे अंतर ३०० किलोमीटर आहे.

गवंडीकामातील बदल

राखेची वीट भट्टीत भाजावी लागत नाही. मात्र तिला पाणी मारून मुरवणे आवश्यक असते. हलके सच्छिद्र ठोकळे भिंतीचे वजन कमी करतात व उष्णता अडवितात. परंतु लाल विटेप्रमाणे ते पाण्यात बुडवून ठेवल्यास पुढे गिलाव्यास तडे जातात. त्यांचा पृष्ठभाग केवळ ओलसर करणे पुरेसे असते. नियम बदलला आणि गवंड्यास ही माहिती मिळाली नाही, तर दोष कायद्यास लागतो व नुकसान घरमालकाचे होते.

छपराची गोष्ट याहून महत्त्वाची. २०१८ च्या संहितेने छपरातून आत येणाऱ्या उष्णतेवर मर्यादा घातली. उघड्या काँक्रीट स्लॅबमधून त्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक उष्णता आत येते. तिच्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा व वर पांढऱ्या फरशीचे तुकडे बसविल्यास ती बरीच कमी होते. हैदराबाद येथे जुलै २००४ मध्ये राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते उद्‌घाटन झालेल्या सोराबजी गोदरेज हरित व्यवसाय केंद्राने तर आपल्या छतावर हिरवळच राखली आहे.

कक्षेबाहेरचे घर

२०१८ च्या संहितेने ५०० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडांवरील इमारतींचाच विचार केला होता. खेड्यातील बहुसंख्य घरे अशा मर्यादेबाहेर राहतात, आणि कौले उतरवून स्लॅब घालण्याचा प्रघात तेथेच वाढत आहे. गोव्यातील चिऱ्यांच्या जाड भिंती, पुढे आलेली वळचण व उतरते कौलारू छप्पर यांनी ऊन व पाऊस दोन्ही अडविले. परंतु दरवर्षी कौले चाळण्याचा त्रास व खर्चही होता, हे विसरून चालणार नाही. स्लॅब टिकाऊ असते. मात्र दिवसभर तापलेली स्लॅब रात्री ती उष्णता घरात सोडते. ज्याच्याकडे पंख्याखेरीज काही नाही, त्यास याचा त्रास सर्वांत अधिक होतो.

शाळेत करावयाचा प्रयोग

एकसारखे दोन पत्र्याचे डबे घ्यावेत. एकाच्या झाकणास चुना व दुसऱ्याच्या झाकणास काजळी लावून ते दुपारी तासभर उन्हात ठेवावेत आणि आतील तापमान मोजावे. विद्यार्थ्यांनी त्यातील फरक फळ्यावर लिहावा. ज्या घरी यंदा स्लॅब पडावयाची आहे, तेथे हा आकडा पोहोचल्यास कायद्याच्या सक्तीवाचूनही त्याचा हेतू काही अंशी सफल होईल.