होडी आधी की दिवा आधी?



भाद्रपद जवळ आला की कोकणात घरोघरी गणपतीच्या आराशीची खटपट सुरू होते. कोणी डोंगर करतो, कोणी धबधबा. आणि ज्याच्या हाती एखादी लहानशी मोटर लागते तो हलता देखावा करायला बसतो. सुरुवातीला सारे झकास चालते. मग आरतीला मंडळी जमतात आणि नेमके तेव्हाच बंदरावरचे दिवे लागतात, पण होडी असते भर समुद्रात! अशा वेळी मोटर बिघडलेली नसते आणि दिवेही बिघडलेले नसतात. चुकलेला असतो तो वेळेचा हिशेब. तो कसा जुळवायचा ते आज पाहू.

उदाहरण रत्नागिरीचेच घेऊ. रत्नदुर्गावर दीपगृह आहे आणि किल्ल्याजवळच मिरकरवाड्याचे मासेमारी बंदर आहे. आपल्या देखाव्यात दीपगृह लुकलुकत राहील, होडी धक्क्याला लागेल, ती लागताच धक्क्यावरचे दिवे उजळतील आणि होडी परत निघाली की ते विझतील. हा सारा खेळ १२ सेकंदांचा.

होडीसाठी १२ व्होल्टची, मिनिटाला १० फेरे घेणारी गिअरची मोटर घ्या. तिच्या दांड्यावर एक भुजा बसवा आणि मध्यापासून ४ सेंटिमीटरवर खिळा ठोकून त्याला तारेने होडी जोडा. मोटरीचा अर्धा फेरा झाला की होडी ८ सेंटिमीटर सरकेल. १० फेऱ्यांना ६० सेकंद, म्हणजे एका फेऱ्याला ६ आणि अर्ध्या फेऱ्याला ३ सेकंद लागतात.

आता दिव्यांसाठी वेगळी मोटर लावून दोन्ही एकदम सुरू केल्या तर? समजा, दिव्यांचे चक्र बरोबर १२ सेकंदांचे आहे आणि होडीचे ११.८ सेकंदांचे. फरक अवघा ०.२ सेकंदाचा. पण ६ मिनिटांत दिव्यांची ३० चक्रे होतात, तर होडीची ३६० ÷ ११.८, म्हणजे सुमारे ३०.५. होडी अर्धे चक्र पुढे गेली! दिवे लागायचे तेव्हा ती नेमकी समुद्रात. दोन घड्याळांच्या हुकमात एक देखावा चालत नाही, तो असा.

म्हणून पहिला नियम: हुकूम एकाचाच असावा. मिनिटाला ५ फेरे घेणारी, १२ व्होल्टचीच दुसरी मोटर घ्या आणि तिच्या दांड्यावर जाड पुठ्ठ्याच्या तीन चकत्या बसवा. एक फेरा १२ सेकंदांचा, म्हणजे ३० अंश बरोबर १ सेकंद. चकत्या म्हणजे आपले वेळापत्रकच! प्रत्येक चकतीच्या कडेला पट्टीचा एकेक मायक्रोस्विच टेकवा. कडेचा उंच भाग आला की स्विच दाबला जाईल.

पहिली चकती होडीची. तिचे उंच भाग ० ते ३० आणि १८० ते २१० अंश. दुसरी धक्क्याच्या दिव्यांची: ९० ते १८० अंश. तिसरी दीपगृहाची: दर ९० अंशांवर १५ अंशांचा उंच भाग, म्हणजे दर ३ सेकंदांनी अर्ध्या सेकंदाची लुकलुक. खऱ्या दीपगृहांचाही असाच ठरलेला काल असतो आणि त्यावरूनच खलाशी दीपगृह ओळखतात.

येथे एक गोष्ट ध्यानात आली का? होडी ३ सेकंदांनी पोचायची म्हणून तिला हुकूम शून्याव्या सेकंदाला दिला. दिव्याला मात्र पोचण्याच्या क्षणीच. दिवा तत्काळ लागतो, वस्तूला हलायला वेळ लागतो. म्हणून हलणाऱ्या वस्तूला हुकूम आधी द्यावा.

पण होडीला फक्त एका सेकंदाचाच हुकूम का? पुरे ३ सेकंद दिले, तरी मोटर कधी थोडी अलीकडे तर कधी थोडी पलीकडे थांबेल आणि ती चूक साठत जाईल. म्हणून भुजेच्या दांड्यावरच एक गोल चकती बसवा, तिला समोरासमोर दोन खाचा पाडा आणि तिच्यावर दुसरा स्विच टेकवा. हा स्विच पहिल्याला समांतर जोडा. एका सेकंदाच्या हुकमाने मोटर खाचेतून बाहेर पडते, मग दुसरा स्विच तिला चालू ठेवतो आणि पुढची खाच येताच थांबवतो. निघण्याचा हुकूम वेळापत्रकाचा, थांबण्याचा हुकूम होडीचा स्वतःचा! मोटारगाडीचा वायपर बंद केल्यावर काचेच्या कडेलाच जाऊन थांबतो, तो अशाच युक्तीने.

आता समजा, होडी वाटेत कापसाच्या लाटेत अडकली. दिवे तर वेळेवर लागणारच. हे टाळायला धक्क्यापाशी तिसरा स्विच ठेवा. होडी टेकली की तो दाबला जावा. तो दिव्यांच्या स्विचशी एकसर जोडा. आता दिवे लागायला दोन्ही गोष्टी हव्यात: वेळ झालेली असावी आणि होडी आलेली असावी. एकसर जोडणी म्हणजे ‘आणि’, समांतर जोडणी म्हणजे ‘किंवा’. संगणकाच्या तर्काचा पायाही याच शब्दांवर उभा आहे.

चकत्यांऐवजी आज अर्डुइनोसारखा छोटा नियंत्रकही वापरता येतो. मात्र दोन गोष्टी पाळाव्या लागतात. त्याच्या एका टोकातून सुमारे २० मिलिअँपिअरच वीज घ्यावी. मोटरीला याच्या कितीतरी पट लागते, म्हणून मध्ये ट्रान्झिस्टर किंवा रिले हवा. मोटर बंद होताना तिच्या वेटोळ्यांत उलटा दाब उसळतो. तो जिरवण्यासाठी मोटरीच्या दोन टोकांवर एक डायोड, पट्टीची बाजू धनाकडे करून, जोडावा.

दुसरी गोष्ट पावसाळ्यातली: वीज गेली तर? चकत्या जिथल्या तिथे थांबतात, होडीही थांबते आणि वीज आली की दोघे तिथूनच पुढे निघतात. नियंत्रक मात्र पुन्हा शून्यापासून मोजू लागतो, होडी कुठेही असो. म्हणून त्याच्या कार्यक्रमाची पहिली ओळ अशी असावी: होडीला धक्क्याचा स्विच दाबेपर्यंत आण, मग एकदा समुद्रात पाठव आणि त्यानंतरच मोजणी सुरू कर.

सावधगिरीचे चार शब्द. दिवे आणि मोटर दोन्ही १२ व्होल्टचीच घ्या आणि तयार, बंदिस्त अ‍ॅडॅप्टर वापरा. २३० व्होल्टच्या तारांना हात लावू नका. मोटर अडकली की तिच्यातली वीज वाढते आणि ती तापते, म्हणून नेहमीच्या चालीला लागते त्याहून थोड्याच जास्त विजेची फ्यूज तिच्या वाटेत घाला. कापूस आणि कागद मोटरीपासून दूर ठेवा. निरांजन तर देखाव्यापासून लांबच असू द्या.

जोडणी करताना सुरुवातीला होडी समुद्राकडच्या खाचेत ठेवायला विसरू नका.

शेवटी एक प्रश्न. शिक्षकांनी तो वर्गात फळ्यावर जोडणी काढून सोडवून घ्यावा. होडी धक्क्याला नसेल तेव्हाच एक लाल दिवा लागावा, असे तुम्हांला हवे आहे. नवा स्विच घ्यायचा नाही. मायक्रोस्विचला तीन टोके असतात. त्यांपैकी दाबल्यावर जोडली जाणारी दोन आपण वापरली. मग तिसरे कशासाठी असेल?