ट्रायलला नीट बसलेली कॅप चिकटवल्यावर उंच का लागते?

प्रश्न : दाढेवर सिरॅमिकची कॅप ट्रायलच्या वेळी अगदी नीट बसली. चिकटवल्यावर मात्र दात मिटताना आधी तीच लागते. लॅबने माप चुकवलं, की सिमेंट जास्त झालं?

उत्तर : ट्रायलला नीट बसली, म्हणजे लॅबकडे बोट दाखवायला बहुधा जागा नाही. ट्रायलच्या वेळी दात आणि कॅप यांच्यात काहीच नसतं. चिकटवताना मात्र दोन थर येतात : दाताला लावायचं बाँडिंगचं द्रव्य आणि त्यावर रेझिन सिमेंट.

सिमेंटसाठी लॅब आतून थोडी जागा सोडूनच ठेवते. आयएसओच्या मानकानुसार रेझिन सिमेंटचा थर 50 मायक्रॉनपेक्षा जाड होता कामा नये, म्हणजे साधारण केसाहूनही बारीक. तेवढं त्या जागेत मावतं.

गडबड होते ती बहुतेकदा बाँडिंगमुळे. हे द्रव्य हवेच्या फुंकरीने पसरवलं, तरी कोरलेल्या दाताच्या आतल्या कोपऱ्यांत आणि कडेच्या खाचेत साचतं. कॅप ठेवण्याआधीच त्यावर निळा लाइट मारला, की साचलेलं तिथेच कडक होतं आणि कॅप त्या उंचवट्यावर टेकते. मग आधी लाइट मारूच नये का? तसं केलं, तर दुसरी अडचण येते. बाँडिंगआधी लावलेल्या ॲसिडने उघडं पडलेलं डेंटिनचं, म्हणजे इनॅमलखालच्या थराचं, नाजूक जाळं कॅपच्या दाबाखाली चेपतं आणि पकड कमकुवत होते.

यावर चांगला तोडगा निघाला आहे. दात कोरला, की माप घेण्यापूर्वी, त्याच बैठकीत बाँडिंग लावून कडक करायचं. थराची जाडी मापातच धरली जाते आणि कॅप त्या हिशेबानेच बनते. पास्कल मान्ये या दंतवैद्याने ही 'इमिजिएट डेंटिन सीलिंग' पद्धत नेटाने पुढे आणली. यात एक पथ्य आहे. हवेतल्या ऑक्सिजनमुळे बाँडिंगचा वरचा पापुद्रा चिकटच राहतो आणि मापाचं मटेरियल तिथे नीट सेट होत नाही. म्हणून वर ग्लिसरिनची जेल लावून पुन्हा लाइट मारतात. मला ही पद्धत पटते, कारण टेम्पररी कॅपच्या दिवसांत ठणकाही कमी होतो.

झिर्कोनियाच्या कॅपला दाताची भक्कम पकड असेल, तर पुष्कळदा दाताला वेगळं बाँडिंग लागतच नाही. तिथे हा प्रश्न फारसा येत नाही.

कॅप जितकी घट्ट तितकी चांगली, हा समज चुकीचा आहे. जास्तीच्या सिमेंटला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, तर कॅप वरच अडकते. उलट, फट राहिली तरी सिमेंट भरून काढेल, हेही खरं नाही. रेझिन कडक होताना आकसतं आणि कडेला उघडी पडलेली जाड रेघ पुढे झिजते. मॅकलीन आणि फॉन फ्राउनहोफर यांनी 1971 मध्ये 120 मायक्रॉनपर्यंतची फट चालण्याजोगी मानली. आजही तोच आकडा सांगितला जातो.

आता तुमच्या दाढेचं. सवय होईल म्हणून थांबू नका. भूल पूर्ण उतरल्यावरही तीच आधी लागत असेल, तर एक-दोन दिवसांत डॉक्टरांकडे जा. ते रंगीत कागद चावायला देऊन उंच जागा घासतील. घासल्यावर ती जागा पॉलिश करायला आवर्जून सांगा. खरखरीत सिरॅमिक समोरचा दात झिजवतं.