भातखाचरातील जड धातू : खरिपापूर्वीची परीक्षा आणि भाद्रपदातील पाणी

शेतात पडलेला पालापाचोळा कुजतो, शेणखत मुरते, फवारलेले औषधही बहुधा उन्हापावसाने आणि मातीतील जिवाणूंच्या हातून कमी-अधिक काळात निष्प्रभ होते. परंतु कॅडमियम, शिसे, पारा यांसारखे जड धातू, आणि शास्त्राच्या काटेकोर दृष्टीने धातू नसूनही त्यांच्याच पंक्तीत गणले जाणारे आर्सेनिक, हे एकदा खाचराच्या मातीत उतरले की कुजत नाहीत, जळून नष्ट होत नाहीत, आणि पिढ्या उलटल्या तरी आपण होऊन नाहीसे होत नाहीत. म्हणून अशा जमिनीच्या धन्यापुढे दोनच मार्ग उरतात: नवा धातू शेतात येऊ न देणे, आणि जो आला आहे तो दाण्यापर्यंत पोहोचू न देणे. पहिल्या मार्गाला पैशापेक्षा दक्षता अधिक लागते. दुसरा मार्ग बहुतांशी चुन्याच्या आणि पाण्याच्या तजविजीवर अवलंबून असतो, आणि ही तजवीज खरिपाच्या पंचांगाशी बांधलेली असल्यामुळे तिचा विचार रोहिणी लागण्यापूर्वीच व्हावा, हे उचित.

कोकणात हा विचार विशेष अगत्याचा आहे. पालघर, ठाणे, रायगड आणि रत्नागिरी या जिल्ह्यांत भात हेच खरिपाचे मुख्य पीक. तारापूर, तळोजे, पाताळगंगा, धाटाव, महाड, लोटे येथील औद्योगिक वसाहती याच भातपट्ट्याच्या शेजारी उभ्या राहिल्या. आणि येथील माती, पुष्कळ ठिकाणी जांभ्या दगडापासून झालेली व अडीच-तीन हजार मिलिमीटर पावसाने धुपून आम्लधर्मी बनलेली, कॅडमियमला घट्ट धरून ठेवण्यास असमर्थ असते. याचा अर्थ वसाहतीशेजारचे प्रत्येक खाचर दूषित आहे असा मुळीच नव्हे. अर्थ एवढाच, की नाल्याच्या उताराखाली, भंगार जाळण्याच्या जागेजवळ, अथवा शहरातील मैलागाळ वर्षानुवर्षे घेतलेली ज्याची जमीन आहे, त्या खातेदाराने अनुमानावर न विसंबता परीक्षा करून घ्यावी.

उपेक्षेची किंमत किती जबर असते, ते जपानमधील तोयामा प्रांताने जगाला दाखविले आहे. तेथे जिन्झू नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या कामिओका खाणीतील कॅडमियम नदीच्या पाण्याबरोबर खालच्या भातखाचरांत दीर्घकाळ उतरत राहिले. त्या पाण्यावर आणि त्या भातावर पोसलेल्या माणसांची, विशेषेकरून उतारवयाकडे झुकलेल्या स्त्रियांची, मूत्रपिंडे निकामी होऊन हाडे इतकी ठिसूळ झाली की साध्या हालचालीनेही ती मोडू लागली. १९६८ साली जपान सरकारने या इताई-इताई रोगाचे कारण कॅडमियम असल्याचे मान्य केले. १९७९ मध्ये दूषित खाचरांवर स्वच्छ माती घालण्याचे काम सुरू झाले, आणि आठशेंहून अधिक हेक्टरांचे ते काम पुरे होण्यास २०१२ साल उजाडले. जमिनीची मातीच बदलणे हा राज्याच्या खजिन्याचा इलाज आहे, खातेदाराच्या कुवतीचा नव्हे.

धातू ओळखल्यावाचून इलाज नको

या विषयातील सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी परिचित गोष्ट अशी, की कॅडमियम आणि आर्सेनिक यांचे पाण्याशी असलेले नाते परस्परांच्या अगदी उलट आहे. खाचरात पाणी साचून राहिले म्हणजे मातीतील प्राणवायू संपतो, गंधकाचे रूपांतर सल्फाइडमध्ये होते आणि कॅडमियम त्याच्याशी संयोग पावून अविद्राव्य होते. पाणी उतरले, चिखलाला भेगा पडल्या आणि हवा आत शिरली, की तेच कॅडमियम पुन्हा मोकळे होऊन मुळांच्या हाती लागते. आर्सेनिकाचा स्वभाव निराळा: कोरड्या जमिनीत ते लोहाच्या गंजाला चिकटून बसते, आणि पाण्याखाली तो गंज विरघळू लागला म्हणजे सुटे होऊन, सिलिकेच्या वाटेने, रोपात शिरते. पश्चिम बंगालमध्ये भूगर्भातील आर्सेनिकयुक्त पाण्यावर जेथे बोरो भात घेतात, तेथे खाचर मधूनमधून सुकू देण्याचा सल्ला योग्यच आहे. परंतु तोच सल्ला वसाहतीच्या नाल्याखालील कॅडमियमयुक्त खाचराला लागू केला, तर इलाजच अपाय ठरेल. पाण्याची बचत व्हावी म्हणून आलटून-पालटून पाणी देण्याच्या पद्धतीचा आज पुरस्कार होतो. ती स्वीकारण्यापूर्वी संशयित जमिनीच्या धन्याने आपल्या मातीतील धातू कोणता, हे आधी जाणून घ्यावे.

इतर धातूंविषयी थोडक्यात सांगायचे तर, शिसे मातीला घट्ट धरून राहते व दाण्यात तुलनेने कमी चढते, मात्र धुळीवाटे पेंढ्यावर आणि भाजीपाल्यावर बसते; विषारी स्वरूपातील क्रोमियम सेंद्रिय द्रव्याने समृद्ध अशा ओल्या चिखलात पुष्कळसे निरुपद्रवी रूप घेते; पारा मात्र पाण्याखालील चिखलात अधिक घातक रूप धारण करतो, म्हणून पाऱ्याने दूषित जमिनीत भात न घेणेच श्रेयस्कर.

वैशाख-ज्येष्ठ : परीक्षा आणि बंदोबस्त

मातीचा नमुना खत घालण्यापूर्वी घ्यावा. एका सर्वे नंबरातील सारख्या दिसणाऱ्या खाचरांतून आठ-दहा ठिकाणी, बांध, झाड व उकिरड्याची जागा टाळून, पंधरा-वीस सेंटिमीटर खोलीची माती लाकडी वा प्लॅस्टिकच्या साधनाने काढावी, कारण जस्ताचा मुलामा दिलेले घमेले वा गंजलेली पहार वापरल्यास परीक्षेतच धातू मिसळतो; ती सावलीत वाळवून, एकत्र करून, चौथाई पद्धतीने अर्ध्या किलोवर आणून कापडी पिशवीत भरावी. नाल्याच्या तोंडाजवळच्या खाचराचा नमुना मात्र निराळा ठेवावा, कारण धातूचा भर बहुधा तेथेच असतो. मृद आरोग्य पत्रिकेत जी बारा मूल्ये येतात त्यांत कॅडमियम, शिसे वा आर्सेनिक यांचा समावेश नाही; त्यांची परीक्षा स्वतंत्रपणे मागावी लागते. शक्य असल्यास गेल्या हंगामातील तांदळाचाही नमुना द्यावा. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकानुसार सडून पॉलिश केलेल्या तांदळात किलोमागे कॅडमियम ०.४ मिलिग्रॅमहून आणि असेंद्रिय आर्सेनिक ०.२ मिलिग्रॅमहून अधिक असू नये.

याच सुमारास आवक रोखण्याचा बंदोबस्त करावा. उन्हाळ्यात नाल्यात साचलेला काळा गाळ सुपीक समजून खाचरात पसरण्याची चाल संशयित नाल्याच्या बाबतीत सर्वस्वी सोडावी, आणि पहिल्या पावसाचा लोंढा शेतात न घेता चर काढून बाजूने वाहू द्यावा. राब भाजताना पातेरा, कवळ आणि शेणी एवढेच जाळावे. रंगविलेली लाकडे, प्लॅस्टिक, टायर, विजेच्या तारा यांची राख रोपांच्या मुळाशी घालणे म्हणजे विष हाताने पेरणे होय. शहरी कंपोस्ट विकत घेताना तपासणीचा दाखला मागावा. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे अशा कंपोस्टात किलोमागे कॅडमियम ५, आर्सेनिक १० आणि शिसे १०० मिलिग्रॅम यांपेक्षा जास्त असता कामा नये. स्फुरदयुक्त खतांत खनिज फॉस्फेटातून आलेले कॅडमियम अल्पांशाने असते, यास्तव माती-परीक्षेत जेवढी गरज दिसेल तेवढेच स्फुरद द्यावे.

कॅडमियमयुक्त आम्लधर्मी जमिनीत चुना हा पहिला आणि स्वस्त इलाज होय. मातीचा सामू साडेसहाच्या आसपास आणण्यास लागणारी मात्रा परीक्षेच्या अहवालावरून ठरवावी. शिंपल्यांचा भाजून फोडलेला चुना, चुनखडीची भुकटी वा डोलोमाइट, यांपैकी जे मिळेल ते चिखलणीच्या दोन-तीन आठवडे आधी पसरून नांगराने मातीत मिसळावे. चुना व अमोनियायुक्त खत एकाच वेळी देऊ नये, कारण नत्र हवेत उडून जाते. आणि चुना पसरताना डोळे व हात जपावेत. मात्रा अतिरेकाने वाढविल्यास जस्ताची उणीव पडते. जस्त कमी असलेल्या जमिनीत हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट द्यावे. त्याने पीक सुधारतेच, शिवाय मुळाशी कॅडमियमला जस्ताची स्पर्धा होते. जेथे आर्सेनिक आढळले असेल तेथे चुन्याची घाई करू नये. तेथे स्वच्छ शेतातील भाताच्या तुसाची राख उपयोगी पडते, कारण तिच्यातील सिलिका रोपात शिरताना आर्सेनिकाची वाट अडविते.

आषाढ ते आश्विन : पाण्याचे पंचांग

दाण्यात किती कॅडमियम उतरेल, याचा निवाडा मुख्यतः निसवणीच्या आगेमागे होतो. पोटरीच्या सुमारास, म्हणजे निसवण्यापूर्वी तीन आठवडे, आणि निसवल्यानंतर तीन आठवडे, खाचरात चार-पाच सेंटिमीटर पाणी अखंड उभे ठेवावे, ही जपानी शेतकऱ्यांना दिली जाणारी शिफारस आपल्याकडेही ग्राह्य आहे. आता गरवे भात निसवते तेव्हा पाऊस परतीला लागलेला असतो आणि दाणे भरण्याच्या वेळी खाचर कोरडे पडते. म्हणून पाणी देण्याची सोय नसलेल्या कॅडमियमयुक्त खाचरात हळवी किंवा निमगरवी जात लावावी, जेणेकरून हा नाजूक काळ भाद्रपदाच्या पावसातच उरकेल. जातीच्या निवडीसाठी कर्जत येथील संशोधन केंद्राचा सल्ला घ्यावा. बांधातील खेकड्यांची बिळे श्रावणातच चिखलाने बुजवावीत, आणि भाद्रपदात उघडीप पडल्यास विहिरीचे वा शेततळ्याचे पाणी द्यावे. मात्र ज्या नाल्याने जमीन बिघडविली त्याच नाल्याचे पाणी, खाचर ओले राहावे या हेतूने, शेतात घेऊ नये.

कापणीनंतर पेंढ्याचा प्रश्न उरतो. भाताच्या मुळांत आणि पेंढ्यात दाण्यापेक्षा अधिक धातू साठतो. तेव्हा दूषित ठरलेल्या खाचरातील पेंढा गुरांना घालू नये, राबात जाळू नये, आणि तो पुन्हा त्याच मातीत गाडू नये. घरच्या तांदळात आर्सेनिकाची शंका असल्यास तो चांगला धुऊन, स्वच्छ व भरपूर पाण्यात शिजवून, भात वेळण्याची जुनी रीत पाळावी. तिने असेंद्रिय आर्सेनिक बरेच कमी होते. कॅडमियम मात्र असे सहज निघत नाही.

शेवटची गोष्ट दफ्तराची. नाल्याच्या पाण्याचा रंग वा वास बदलला, मासे मेले, रोपे करपली, तर तारीख, वेळ व सर्वे नंबर यांची नोंद करून, सातबाराच्या उताऱ्यासह महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यावा व त्याची पोच घ्यावी. एकट्याने देण्यापेक्षा त्या नाल्यावरील सर्व खातेदारांनी मिळून दिलेला अर्ज अधिक वजनदार ठरतो. कारण चुना आणि पाणी यांनी धातू दाण्यापासून दूर राखता येतो, पण नाल्यातून तो येतच राहिला तर कोणत्याही शेतकऱ्याची दक्षता पुरी पडणार नाही. तरी ज्यांच्या जमिनीविषयी तिळमात्र शंका असेल, त्या बांधवांनी या वर्षी बियाण्याची तजवीज करण्यापूर्वी मातीचा नमुना रवाना करावा.