पुस्तक पुन्हा उघडा

मुळशी तालुक्यात माण नावाचे गाव आहे. एका अंगाला हिंजवडीच्या संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती. दुसऱ्या अंगाला भाताची खाचरे. आषाढात लावणी लागली की दिवसभर चिखलात वाकून पाठ मोडते. मग रात्री पुस्तक कोण उघडणार?

आमच्या वर्गातल्या एका मावशींचे असेच झाले. उन्हाळ्यात त्या सही शिकल्या. जोडाक्षरे वाचू लागल्या. लावणी आली आणि वर्ग सुटला. गणपती झाले, तरी मावशी येईनात. आम्ही त्यांच्या घरी गेलो.

मावशी म्हणाल्या, "बाई, समदं इसरलं बघा. आता पुन्हा वर्गात बसायची लाज वाटती. राहू द्या."

आम्ही विचारले, "मावशी, एक साल वावर पडीक राहिलं, तर टाकून देता का?"

"न्हाई. नांगरायचं पुन्हा."

"मग अक्षरांचंही तसंच करायचं."

विसरलेले सगळेच पुसून जात नाही. जर्मनीत एबिंगहॉस नावाचे एक अभ्यासक होते. ते अर्थ नसलेले शब्द पाठ करीत. काही दिवसांनी ते विसरत आणि पुन्हा पाठ करीत. दुसऱ्या वेळी त्यांना कमी वेळ लागे. हे त्यांनी 1885 साली पुस्तकात लिहिले. म्हणजे पहिली मेहनत वाया जात नाही. ती आत कुठेतरी शिल्लक असते.

पण सवय मोडून तशीच राहिली, तर मात्र नुकसान होते. 1959 साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गावोगाव प्रौढांचे वर्ग भरले. पुढे ही मोहीम राज्यभर पसरली. लाखो माणसे लिहू-वाचू लागली. पण वर्ग संपल्यावर ज्यांच्या हाती पुस्तक आले नाही, त्यांतली पुष्कळ माणसे शिकलेले विसरली. ती मंद नव्हती. शिकणे झाले होते, पण वाचायची सवय लागली नव्हती.

सवय मोडली तर काय करावे?

1. चुकलेले दिवस मोजत बसू नका. एका रात्रीत सगळी भरपाईही करू नका.

2. अगदी पहिल्या पानापासून सुरू करू नका. जिथवर नीट वाचता येते, तिथून पुढे चला.

3. थोडेच वाचा. पाच ओळी पुरेत. पण रोज वाचा.

4. वाचन रोजच्या एखाद्या कामाला बांधा. दिवा लावला की पुस्तक उघडायचे, असे ठरवा.

5. कामाचे दिवस पुन्हा येणारच. तेव्हा निदान बसची पाटी वाचा, विजेचे बिल वाचा. धागा तुटू देऊ नका.

देहू-आळंदीच्या पालख्या आपल्याच मुलखातल्या. 2020 आणि 2021 साली करोनामुळे पायी वारी झाली नाही. पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. 2022 साली वारकरी पुन्हा पायी निघाले. दोन वर्षे खंड पडला, म्हणून कुणी वारी सोडली नाही.

मावशी पुन्हा वर्गाला येऊ लागल्या. पुढे एके दिवशी त्यांच्या घरी जमिनीचा कागद आला. माणच्या जमिनीला आता सोन्याचे मोल आले आहे. कागद आणणारा म्हणाला, "इथं सही करा."

मावशी म्हणाल्या, "आधी वाचते, मग बघू."

त्यांना तीन दिवस लागले. अडलेले शब्द त्यांनी वर्गात विचारले. कागदात चार भावंडांची नावे होती, मावशींचे नव्हते. ते घातल्यावरच त्यांनी सही केली.

पुस्तक बाजूला पडले असेल, तर आज दिवा लागला की उघडा. पाच ओळी वाचा.

प्रश्न

1. मावशींनी वर्गाला येणे का सोडले?

2. त्यांनी न वाचता सही केली असती, तर काय झाले असते?

3. तुम्ही कोणत्या कामानंतर वाचायला बसाल? एका वाक्यात लिहा.