शेक रोज थोडा थोडा का?

(कर्करोगावर किरणोपचार करतात, हे तुम्ही ऐकले असेल. किरणांनी झालेली इजा शरीरातील पेशी कशी भरून काढतात आणि डॉक्टर त्याचा उपयोग कसा करून घेतात, हे या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, किरणोपचाराला आपल्याकडे लोक 'शेक' म्हणतात. नांदेडच्या आमच्या शाळेत एका मुलाने मला शेकाविषयी एक प्रश्न विचारला. त्याचे नाना औशाला राहतात. वर्षानुवर्षे तंबाखू खाल्ल्यामुळे त्यांना तोंडाचा कर्करोग झाला. डॉक्टरांनी सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस शेक सांगितला. त्यासाठी नाना बार्शीला राहिले. तीन आठवड्यांनी त्यांचे तोंड आतून सोलले, घास गिळवेना. कंटाळून ते घरी परत आले. तो मुलगा म्हणाला, "सर, रोज थोडा थोडा शेक कशाला? एकाच दिवशी सगळा दिला असता तर नानांचे हाल वाचले असते."

प्रश्न चांगला होता. त्याचे उत्तर आपण शोधू या.

उर्दू पुस्तकात तुम्ही जिला 'खलिया' म्हणता, ती पेशी. तिच्या केंद्रकात डीएनए असतो. पेशीने काय करायचे, ते सारे त्यात लिहिलेले असते. डीएनएला दोन धागे असतात. एका धाग्यावरून दुसरा कसा असेल, ते कळते. दोन मित्रांनी एकच धडा आपापल्या वहीत उतरवला आहे, असे समजा. एकाचे पान फाटले, तर दुसऱ्याच्या वहीतून पुन्हा लिहिता येते. पण दोघांचेही पान एकाच जागी फाटले तर? मग काम अवघड होते.

किरण पेशीत शिरले की तेथील पाण्याचे रेणू मोडतात. त्यांचे तुकडे डीएनएवर आघात करतात. काही किरण थेट डीएनएवरच आदळतात. किरणांची मात्रा 'ग्रे' या एककात मोजतात. 1 ग्रे मात्रेने एका पेशीत सुमारे 1000 ठिकाणी एक धागा तुटतो आणि सुमारे 40 ठिकाणी दोन्ही धागे तुटतात.

पेशी मात्र स्वस्थ बसत नाही. पी-53 नावाचे प्रथिन पेशीचे विभाजन थांबवते. जणू ते सांगते, 'आधी दुरुस्ती, मग वाढ!' एक धागा तुटला असेल, तर समोरचा धागा पाहून तो लवकर जोडला जातो. दोन्ही तुटले असतील, तर टोकाला टोक जोडले जाते. यात कधी चूक राहते. डीएनएची दुसरी प्रत तयार असेल, तर ती पाहून अचूक दुरुस्ती होते. नुकसान फारच मोठे असेल, तर पेशी स्वतःच मरून जाते.

1959 साली अमेरिकेत एल्काइंड आणि सटन यांनी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींवर प्रयोग केला. किरणांची मात्रा एकदम दिली, तेव्हा थोड्या पेशी जगल्या. तीच मात्रा दोन भागांत, मध्ये काही तास थांबून दिली, तेव्हा जास्त पेशी जगल्या. मधल्या वेळात पेशींनी दुरुस्ती केली होती!

आता नानांच्या शेकाकडे वळू. सगळा शेक एकदम दिला, तर रोगी पेशींबरोबर निरोगी पेशीही मरतील. म्हणून बहुधा रोज सुमारे 2 ग्रे देतात. दुसऱ्या दिवसापर्यंत निरोगी पेशी आपली बरीच दुरुस्ती करून घेतात. कर्करोगाच्या पेशींची दुरुस्तीची यंत्रणा बहुधा बिघडलेली असते. शिवाय त्यांना विभाजनाची घाई असते. त्यामुळे रोजच्या शेकाने त्या कमी कमी होत जातात.

पण मध्येच शेक थांबवला तर? उरलेल्या रोगी पेशी मोकळ्या दिवसांत पुन्हा वाढू लागतात. आधीचे कष्ट वाया जाऊ शकतात. म्हणून त्रास झाला तर डॉक्टरांना सांगावे. तोंड सोलण्यावर औषध असते, पातळ आहार घेता येतो. स्वतःच्या मनाने शेक मात्र सोडू नये.

हे सर्व त्या मुलाने घरी सांगितले. पुढच्या सोमवारी नाना पुन्हा बार्शीच्या एस.टी.त बसले.

डीएनएची दुरुस्ती कशी होते, हे शोधल्याबद्दल 2015 सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक टॉमस लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अजीज संजार यांना मिळाले. संजार हे तुर्कस्तानातील सावूर या लहान गावचे. त्यांच्या आईवडिलांना शाळा मिळाली नव्हती, पण त्यांनी मुलांना शिकवले. मुलांनो, तुमच्या मनात प्रश्न आला, तर तोही विचारायला लाजू नका.

शब्दार्थ
पेशी – खलिया
कर्करोग – सरतान
किरण – शुआ
दुरुस्ती – मरम्मत

स्वाध्याय
1. डीएनएचा एक धागा तुटला तर पेशी काय करते?
2. शेक एकाच दिवशी का देत नाहीत?
3. शेक मध्येच सोडल्यास काय होऊ शकते?
4. तंबाखू सोडण्याविषयी तुमच्या नानांना किंवा काकांना मराठीत पत्र लिहा.